गडी बाद कुणी केला?

सत्कार उरकला की खरं मत बाहेर येतं. व्यासपीठावर 'जिल्ह्याची कन्या', 'धाराशिवची शान' वगैरे बोलून झालेलं असतं, शाल-श्रीफळ हातात पडलेलं असतं. मग खाली चहाचा कप घेऊन तोच वक्ता शेजारच्याला म्हणतो, "पोरगी चांगली खेळली हो, पण खो-खोचं आयुष्य ते केवढं? पंचविशीनंतर कोण पळतंय?" शेजारचा मान डोलावतो आणि विषय उसाच्या दराकडे वळतो.

हे मत इतकं मुरलंय की त्याला कुणी मत म्हणतच नाही. पाऊस मृगात पडतो तसं ते सांगितलं जातं. नीट मांडलं तर ते असं: खो-खो हा मुळात शाळकरी पोरांचा खेळ. त्याला कोवळे, लवचिक पाय लागतात. विशी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात, मुलींची लग्नं होतात, मुलांना नोकऱ्या लागतात. ज्यांना दोन्हीपैकी काहीच साधलं नाही ते मैदानावर रेंगाळतात आणि नव्या पोरांच्या जागा अडवतात. तेव्हा शहाण्या खेळाडूने दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण घ्यावेत, जमलं तर राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळवावं, पाच टक्के आरक्षणातून नोकरी पटकवावी आणि मानाने बाजूला व्हावं. कारकीर्द आखूड असणं हा या खेळाचा स्वभावच आहे, त्यात दोष कुणाचाच नाही.

यातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आधीची सगळी वाक्यं त्या एका वाक्याच्या सोयीसाठी रचलेली आहेत.

पहिल्यांदा त्या बिचाऱ्या गुडघ्यांचं बघू. खो-खोत खुल्या गटाचा सामना म्हणजे नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या. त्यातल्या दोन पाळ्या पळायच्या, आणि पळायलाही एका वेळी तिघांची तुकडी आत उतरते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'दोन मिनिटं चाळीस सेकंद संरक्षण' असं छापून येतं तेव्हा ती मोठी कामगिरी असते. त्या दोन मिनिटांत माणसाचा जीव कसा वर येतो, ते कडेला उभं राहून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. खांबावर झेप घेताना, जमिनीलगत सूर मारताना कोपरं सोलतात, गुडघे आपटतात, खांद्याला मार बसतो. खेळ अंगमेहनतीचा आहे, हे मान्य. एवढंच काय ते मान्य. पण त्यातून पंचविशीचा आकडा कोणत्या हिशोबाने काढला?

अंगाला मार बसणारे खेळ जगात इतरही आहेत. ऑस्ट्रेलियात त्यांचं स्वतःचं एक फुटबॉल आहे, ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात त्याला. क्रिकेटचीच मोठाली अंडाकृती मैदानं, एका बाजूला अठरा गडी, वीस-वीस मिनिटांचे चार भाग आणि खेळ थांबलेला वेळ वरून जोडलेला. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो, आणि धावताना चहूबाजूंनी माणसं त्याच्या अंगावर आदळतात. या खेळात ब्रेंट हार्वी १९९६ पासून २०१६ पर्यंत नॉर्थ मेलबर्न या एकाच क्लबकडून ४३२ सामने खेळला. थांबला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याच्या आधी मायकेल टकने ४२६ सामने खेळून ठेवले होते. डस्टिन फ्लेचरने आपला चारशेवा सामना २०१५ मध्ये, वयाची चाळीस वर्षं पूर्ण करून खेळला. स्कॉट पेंडलबरीने २०२४ मध्ये चारशेचा आकडा गाठला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

तिथेही पुष्कळ पोरं दोन-चार वर्षांत गळतात. पण त्यावरून 'या खेळाचं आयुष्यच तेवढं' असा सिद्धांत कुणी मांडत नाही, कारण समोर हार्वी उभा असतो. आणि हार्वीचे गुडघे काही वेगळ्या हाडांचे नव्हते. दुखलं तर बघणारा डॉक्टर होता, फिजिओ होता, आठवड्याला किती पळायचं आणि किती पडून राहायचं हे ठरवणारी माणसं होती, आणि खेळणं हीच त्याची पगारी नोकरी होती. आमच्याकडे गुडघा सुजला की हळद-मीठ लावतात, वर 'आता वय झालं' असं निदानही करून टाकतात. वय किती? तर तेवीस.

परदेशचं उदाहरण पटत नसेल तर घरचं घ्या. कबड्डीला 'पोरांचा खेळ' म्हणणारी एक पिढी होऊन गेली. प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामात, २०१६ साली, पाटणा संघाला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार धर्मराज चेरलाथन वयाची चाळिशी ओलांडलेला होता. खुद्द खो-खोतच बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेच्या अंतिम सामन्यात भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं. त्या संघाचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर तिशी ओलांडलेला होता. त्याच दिवशी भारताच्या मुलींनीही नेपाळलाच ७८-४० असं हरवलं आणि त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे अजून पंचविशीच्या आत होती. खेळ एकच, स्पर्धा एकच. 'पंचविशीनंतर कोण पळतंय' म्हणणाऱ्यांनी वाईकरच्या पायांबद्दल काय ते सांगावं. आणि पुरुषाचे पाय तिशीनंतरही चालत असतील, तर बाईच्या पायांना निसर्गाने वेगळा कायदा कधी लावला, तेही सांगावं.

मुळात हा खेळ नुसत्या पायांचा आहे, असं ज्याला वाटतं त्याने तो नीट पाहिलेलाच नाही. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय वळताही येत नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून हवं तसं निसटता येतं. सगळी अक्कल या फटीत आहे. मागच्याचा खांदा कुठे झुकतोय, त्याने खो खरंच दिला की नुसती हूल दिली, साखळी धरून पळायचं की खांबाजवळ गोलात खेळवत ठेवायचं, सोबतचे दोघे बाद झाले तर तिसऱ्याने वेळ कसा काढायचा. हे सोळाव्या वर्षी येत नाही. सोळाव्या वर्षी वेग असतो आणि वेगाच्या भरात पोरं सरळ पाठलाग करणाऱ्याच्या हातात जातात. मैदान वाचायची नजर दहा-बारा वर्षं खेळल्यावर तयार होते. म्हणजे खेळाडू पिकायला लागतो नेमका तेव्हा आम्ही त्याला 'बस झालं आता' म्हणतो.

आणि ही उतरंड आम्हीच बांधलेली आहे. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी बारावीपर्यंत व्यवस्थित उभी असते. क्रीडाशिक्षक मागे लागलेले असतात, कारण शाळेचं नाव होतं. आई-बाप परवानगी देतात, कारण गुण मिळतात. बारावीचा निकाल लागला की त्याच क्षणी गुणांचा उपयोग संपतो, परवानगी संपते आणि शिडीही संपते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत किशोरवयीन मुलांमधून सर्वोत्तम खेळाडूला 'भरत', मुलींमधून 'इला', त्यावरच्या गटात 'वीर अभिमन्यू' आणि 'जानकी', खुल्या गटात 'एकलव्य' आणि 'राणी लक्ष्मीबाई' असे पुरस्कार दिले जातात. नावं ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. अभिमन्यूला आत शिरायचं ठाऊक होतं आणि बाहेर यायचं नव्हतं. आमच्या अठरा वर्षांच्या पोरांची गत नेमकी तीच आहे. खुल्या गटात पोहोचेपर्यंत चाळणीतून इतके गळून गेलेले असतात की उरलेल्यांकडे बोट दाखवून 'बघा, पुढे कुणी टिकतच नाही' म्हणणं फार सोपं जातं.

आता धाराशिवचंच उदाहरण. सारिका काळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीत झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची ती कर्णधार. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता, त्यानंतर खो-खोसाठी कुणालाही नाही. मधली बावीस वर्षं कोरडी. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिकाने सांगितलेली गोष्ट पेपरात छापून आली होती: खेळाच्या दिवसांत जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. घरची परिस्थितीच तशी होती. २०१६ मध्ये, म्हणजे सुवर्णपदकाच्याच वर्षात, घरातल्या पैशाच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढून तिला मैदानावर परत आणलं.

ही बातमी वाचून आमच्याकडे सगळ्यांचे डोळे पाणावले. 'जिद्द बघा', 'गरिबीवर मात' असे मथळे पडले. मला मात्र राग आला होता, अजून येतो. देशाच्या संघाची कर्णधार एक वेळ जेवून पळत होती यात भूषण कुणाचं? तिची जिद्द तिच्यापाशी. पण ती उपाशी पळत होती तेव्हा तिच्या सत्काराला पुढे जी माणसं व्यासपीठावर चढली, ती कुठे होती? आणि अशा उपाशी पोटी पळणाऱ्या शेकडो मुलींपैकी एखादी बाविसाव्या वर्षी थकून खाली बसली तर आम्ही काय म्हणणार? 'खो-खोचं आयुष्यच तेवढं.' २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ज्या अंगात रक्तच पुरेसं नाही, त्या अंगाच्या वयाबद्दल अनुमान काढणं थांबवा. आधी ताटात काय पडतं ते बघा.

इथे लगेच एक व्यवहारी आवाज उठतो. धाराशिव दुष्काळी जिल्हा; नीती आयोगाने २०१८ मध्ये देशभरातले 'आकांक्षित' जिल्हे निवडले त्यांत आपलं नाव; पाण्याची मारामार, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं; अशा ठिकाणी तीस-तीस वर्षं खेळायची चैन कुणाला परवडणार? खो-खो म्हणूनच बरा, त्याला काहीच लागत नाही. ना बॅट, ना रॅकेट, ना बूट. दोन खांब रोवले की झालं.

या 'काहीच लागत नाही'ने खो-खोचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशाने केलं नसेल. खेळाला काही लागत नाही, पण खेळाडूला लागतं. त्याला दूध लागतं, अंडी लागतात, डाळ लागते. दररोज खरचटणाऱ्या मातीऐवजी निदान सरावाचे काही दिवस मॅट लागते, कारण आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मातीवर घडलेला पाय मॅटवर वेगळा पडतो. दुखापत ओळखणारं कुणीतरी लागतं. खेळ फुकटात होतो म्हणून सरकारने, संघटनांनी, आपण सगळ्यांनी खेळाडूही फुकटात धरला. आणि फुकटात धरलेला माणूस लवकर संपला की त्याचं खापर खेळाच्या स्वभावावर फोडलं.

पैसा नाही, असंही म्हणायची सोय उरलेली नाही. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे त्या विजेत्या संघात होती. शेजारच्या कर्नाटकाने पाच-पाच लाख देऊ केले तेव्हा तिथल्या दोन खेळाडूंनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. सव्वादोन कोटींबद्दल माझी तक्रार नाही, मिळालेच पाहिजेत. तक्रार वेळेबद्दल आहे. कोटींची रक्कम जगज्जेतेपद मिळवल्यावर येते. एकोणीस ते सत्तावीस या वयात, म्हणजे खुल्या गटात टिकायची खरी लढाई असते तेव्हा, पाच हजारांची खात्रीची महिन्याची मदत किती जणींना मिळते? शिखरावर सोनं आणि चढणीवर पाणीसुद्धा नाही, असा हा कारभार आहे.

मग येतं लग्न. 'लग्न ठरलं, खेळ सुटला' हे इतक्या सहज सांगतात की जणू दोन्ही आपोआप झालं. सुटला? कुणी सोडवला? त्याच कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. मराठवाड्यातली परिस्थिती त्याहून वाईट आहे, हे आपल्याला पाहणीशिवायही कळतं. म्हणजे पुष्कळ मुलींच्या बाबतीत खुला गट सुरू व्हायच्या आधीच सामना संपवलेला असतो. ज्या वाचतात त्यांना बघायला आलेले पाहुणे विचारतात, "लग्नानंतर खेळणार नाही ना?" मुलाला कुणी कधी विचारलंय का, की लग्नानंतर तुझी नोकरी, तुझा पारावरचा पत्त्यांचा डाव चालू राहणार आहे का?

आईपणाने शरीर संपतं म्हणावं, तर मेरी कोमने जुळ्या मुलांनंतर परत येऊन २००८ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं आणि २०१८ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, सहावं. त्याच ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये महिलांची लीग २०१७ ला सुरू झाली. मेलबर्नची कर्णधार डेझी पिअर्स २०१९ मध्ये जुळ्यांची आई झाली आणि २०२२ मध्ये तिने संघाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा ती ३४ वर्षांची होती. शरीर परत येतं. त्याला परत यायला मैदान, स्पर्धा आणि घरी मूल सांभाळणारं माणूस हवं. आमच्याकडे तिन्ही नाहीत, आणि आम्ही गर्भाशयाला दोष देतो.

'नोकरी लागली की सोडतातच' हा आरोप तर उलट्या पायांचा आहे. नोकरीनेच खेळाडू टिकतो. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचे खो-खो संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, आणि तिथले खेळाडू वर्षानुवर्षं खेळतात कारण खेळणं हाच त्यांच्या कामाचा भाग असतो. राज्य सरकारच्या नोकरीत मात्र पदक हे दाराशी दाखवायचं तिकीट असतं. आत गेल्यावर फाईल, बदली, निवडणुकीची ड्युटी. सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, हा तिचा हक्क होता आणि जिल्ह्याचा फायदाही. पण खेळाडू नोकरीला लागताच त्याच्या सरावाचे तास कागदावरून पुसून टाकायचे आणि वर 'नोकरी मिळाली, भूक संपली' म्हणायचं, हा न्याय कुठला? भूक संपल्यावरच तर माणूस धड पळू शकतो.

राहिला नव्या पोरांची जागा अडवण्याचा मुद्दा. निवड चाचणी असते. तिथे अठरा वर्षांच्या पोरीने अठ्ठावीस वर्षांच्या बाईला हरवावं आणि जागा घ्यावी. हरवता येत नसेल तर जागा अडवलेली नाही. शिवाय हूल कशी ओळखायची ते पुस्तकातून कळत नाही. शेजारच्या पाटीवर बसलेल्या मुरलेल्या खेळाडूकडूनच ते उचलता येतं.

म्हणून चहाच्या कपासोबत ते वाक्य पुन्हा ऐकवणाऱ्यांना माझं रोखठोक सांगणं आहे. खो-खोचं आयुष्य आखूड नाही. तुम्ही ते कापता. गुणांपुरती परवानगी देऊन कापता, उपाशी पळवून कापता, पाहुण्यांच्या अटी मान्य करून कापता, पदकवाल्याला टेबलामागे बसवून कापता, आणि कापल्यावर मोजपट्टी लावून 'बघा, केवढं भरलं' म्हणून दाखवता. धाराशिवच्या श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलात शालेय स्पर्धा दरवर्षी होतात. तिथेच पंचविशीपुढच्या महिलांची जिल्हा लीग एक वर्ष घेऊन दाखवा. येणाऱ्या प्रत्येकीला दोन वेळचं धड जेवण आणि गाडीभाडं द्या. विवाहितांना उंबऱ्यापासून मैदानापर्यंत आणायची जबाबदारी संघटनेने घ्यावी, नवऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. मग पंचविशीनंतर कोण पळतं ते मोजू.

आजवर ते मोजायचा प्रयत्न कुणी कितपत केलाय, तेही पाहा. टीव्हीवर दिसणारी, मानधन देणारी अल्टिमेट खो-खो लीग २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात सुरू झाली, दुसरा हंगाम २०२३ च्या डिसेंबरात कटकला. दोन्ही वेळा संघ सहा होते आणि सहाच्या सहा पुरुषांचे.